पहिल्या वेताचा खटला

लोणावळ्यात टेलिव्हिजन आला तेव्हा मला वकिलीची सनद मिळून दोन वर्षं झाली होती. दोघांची अवस्था सारखीच. आवाज भरपूर, चित्रात मुंग्याच मुंग्या.

आमच्या आळीतला पहिला संच शेजारच्या चिक्कीवाल्या शेटजींकडे आला. कौलांवर चढून एकाने अँटेना फिरवायची, खालून सगळ्यांनी "आलं, आलं... गेलं!" असं ओरडायचं, हा कार्यक्रम मूळ कार्यक्रमाहून रंगायचा. त्या हिवाळ्यात टीव्हीवर कोर्टाचं एक नाटक लागलं, आठवड्याला एक भाग. पोरं सतरंजीवर, बायका भिंतीला टेकून, शेटजींच्या कारखान्यात शेंगदाणे निवडणाऱ्या मजूर बायका उंबऱ्याशी, आणि मला मात्र खुर्ची. आळीतला तज्ज्ञ मी.

नाटकातला वकील म्हणजे काय वर्णावा! बोलता बोलता फेऱ्या मारायचा, साक्षीदाराच्या खांद्यावर हात ठेवायचा, टेबलावर मूठ आपटायचा. त्याने तीन प्रश्न विचारले की चौथ्याला साक्षीदार रडत गुन्हा कबूल करायचा. आणि अगदीच अडलं, तर कोर्टाचं दार उघडून एखादा म्हातारा आत यायचा, "थांबा! मी सगळं पाहिलंय!" जज्जसाहेब हातोडा आपटायचे, आणि बातम्या सुरू व्हायच्या.

"काय हो वकीलसाहेब," शेटजींनी विचारलं, "कोर्टात असंच असतं?"

तोवर मी कोर्टात उच्चारलेलं सगळ्यांत लांब वाक्य होतं, 'आमचे सीनिअर दुसऱ्या कामात आहेत, पुढची तारीख मिळावी.' पण खुर्चीवर बसवलं की माझी जीभ सैल सुटते.

"अगदी असंच," मी म्हणालो. "उलट याच्याहून जास्त."

आठवडाभरात उंबऱ्याशी बसणाऱ्या बायांपैकी एक जण माझ्या दारात उभी. वर डोंगरातल्या ठाकरवाडीतली, वयाने माझ्या आईच्या धाकट्या बहिणीएवढी. मी तिला मावशी म्हणायला लागलो ते तेव्हापासून.

"तुमी टीव्हीवानी करता न्हवं?" तिने विचारलं. "मंग आमचं काम तुमीच घ्या. आमच्या मान्सावर म्हशीच्या चोरीची केस झालीया."

हकीकत अशी होती. आमच्याकडे जनावर अर्धलीनं द्यायची जुनी रीत आहे. ज्याच्याकडे जनावरं जास्त आणि हात कमी, तो आपलं पारडू दुसऱ्याला वाढवायला देतो. सांभाळणाऱ्याने चारा घालायचा, राखायचं, आजारपण काढायचं. मग म्हैस व्याली की पहिलं वेत, म्हणजे पारडू आणि दूध दोन्ही, सांभाळणाऱ्याचं. पुढचं पुढे दोघांनी बसून ठरवायचं. याला ना कागद ना साक्षीदार, सगळा कारभार तोंडी.

मावशीच्या नवऱ्याने खालच्या गावातल्या एका बड्या बागायतदाराकडून एक मरतुकडी पारडी अशीच आणली होती. खांद्यावर टाकून डोंगर चढून नेली होती म्हणे, कारण तिला चालवतच नव्हतं. नवरा-बायकोने ती वाढवली. वाढली ती अशी, की कातळासारखी काळीभोर म्हैस झाली आणि गाभण राहिली. तेव्हा बागायतदाराची दृष्टी फिरली. तो म्हणाला, म्हैस खाली आण. हा म्हणाला, माझं पहिलं वेत होऊ दे. त्यावर बागायतदाराने सरळ चोरीची फिर्याद ठोकली. पोलिसांनी म्हैस उतरवली आणि निकाल लागेपर्यंत फिर्यादीच्याच गोठ्यात बांधली.

"मान्साला आत टाकतील ती येक," मावशी म्हणाली, "आन म्हस तितं त्याच्या दावणीला व्याली, तर आमचं वेत बी गेलं. दिवस भरत आल्यात तिचे, साहेब."

म्हणजे खटला जिंकायचा होता, आणि तोही म्हशीच्या आधी.

आमच्या सीनिअरना सगळा तालुका आबा म्हणायचा. चाळीस वर्षांच्या वकिलीत त्यांनी आवाज कधी चढवला नव्हता. कोर्टात त्यांच्या खोकल्यालासुद्धा अदब होती. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला.

"अर्धलीचा व्यवहार कोणासमोर झाला?"

"कोणासमोरच नाही. दोघंच होते."

"मग साक्षीदार एकच उरला," आबा म्हणाले. "फिर्यादी."

मला वाटलं, म्हातारा थकला. फिर्यादी कुठे आपल्या बाजूने बोलतो? माझ्या डोक्यात दार उघडून येणारा म्हातारा घोळत होता. आणि काय योगायोग, दुसऱ्याच दिवशी तो आलासुद्धा. वाडीतला एक पागोटेवाला बाबा मावशीबरोबर आबांच्या ओसरीवर येऊन बसला.

"म्या बगितलं म्हून सांगतो की," तो म्हणाला. "पारडी देताना म्या तितंच हुतो."

आबांनी विचारलं, "होतात?"

"न्हवतो. पर हुतो म्हनीन."

माझे डोळे चमकले. "आबा, काय हरकत आहे? गोष्ट तर खरीच आहे ना!"

"गोष्ट खरी आहे, साक्ष खोटी आहे," आबा म्हणाले. "बाबा, तुम्ही चहा घ्या आणि डोंगर चढा. पोलीस वकिलाने विचारलं की त्या दिवशी गोठ्यात किती जनावरं होती, तर काय सांगाल?"

बाबा गडबडला. "धा?"

"बघ," आबा माझ्याकडे वळले. "खोटा साक्षीदार अशाच साध्या प्रश्नावर अडकतो. एक जण खोटा पडला की ह्या माणसाचा खरा शब्दही खोट्यात जमा होईल. शिवाय आपण कोर्टाचे आहोत रे. जे कोणी पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून आपण साहेबांपुढे ठेवायचं नाही. टीव्हीवाल्याला ते चालतं, त्याला उद्या त्याच कोर्टात तोंड दाखवायचं नसतं."

बाबा चहा पिऊन गेला. जाताना मावशीला म्हणाला, "ह्या म्हाताऱ्याला टीव्ही दाव गं येकदा."

पहिल्या तारखेला मी आरशासमोर तालीम करून गेलो. तालुक्याच्या कोर्टाकडे नेणाऱ्या लोकलमध्ये कान्हे स्टेशन येईपर्यंत ओठातल्या ओठात प्रश्न घोकत होतो. समोरचा दूधवाला मला जप करणारा समजून पाया पडला. कोर्टात पुकारा झाला तसा मी उठलो, टेबलामागून बाहेर आलो, हात मागे बांधले आणि घुमवून म्हणालो, "मिलॉर्ड!"

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मान वळवून आपल्या मागची भिंत बघितली. हायकोर्ट आलंय की काय, अशी शंका त्यांना आली असावी. भिंतीवर घड्याळ आणि पाल होती.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "इथे 'साहेब' म्हटलेलं पुरतं. आणि फिरायचं असेल तर तुंगार्लीचं धरण चांगलं आहे. जागेवर या."

मागे कुणीतरी फसकन हसलं. मी जागेवर आलो. मावशी मात्र दारातून शेजारणीला विचारत होती, "साहेबाकडं हातोडा कुटंय?" शिपाई म्हणाला, "हातोडा लोहाराकडं. गप बसा."

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. मी अर्ज दिला. म्हैस मुद्देमाल आहे, तर ती कोर्टाच्या आवारात हजर करावी आणि ती कोणाला ओळखते ते साहेबांनी डोळ्यांनी बघावं. आबा म्हणाले, "जनावराचा भरवसा धरू नकोस." पण मला नाटकातला शेवट डोळ्यांपुढे दिसत होता. म्हैस हंबरत आरोपीकडे धावते, फिर्यादी मान खाली घालतो, टाळ्या.

साहेब भले गृहस्थ. त्यांनी अर्ज मंजूर केला. बहुधा त्यांनाही कंटाळा आला होता.

त्या दिवशी मी आणखी एक काम केलं. नाटकातला निर्दोष आरोपी नेहमी स्वच्छ असतो, म्हणून मावशीच्या नवऱ्याला सकाळीच माझ्या घरी आणला. सुगंधी साबणाने न्हायला घातलं, डोक्याला वासाचं तेल चोपडलं, माझा इस्त्रीचा पांढरा शर्ट चढवला. तो बिचारा न बोलणारा माणूस. आरशात बघून एवढंच म्हणाला, "ह्यो कोन?"

म्हशीलाही तेच वाटलं. आवारात निम्मा तालुका जमला होता. साहेब पायरीवर खुर्ची टाकून बसले. एका बाजूला फिर्यादी, दुसऱ्या बाजूला माझा गुळगुळीत आरोपी. म्हशीचं दावं सोडलं. ती दोन पावलं त्याच्याकडे आली, मान लांबवली, हुंगलं, आणि अशी फुरफुरून मागे सरली की जणू वाघ बघितला. मग शेपूट उडवून थेट नळाकडे गेली आणि तिथल्या डबक्यात ऐसपैस बसली.

फिर्यादीने मिशीवर हात फिरवला. "बगा साहेब. त्याला वळखत बी न्हाई ती."

बसलेली गाभण म्हैस उठवणं हे भारतीय दंडविधानाच्या आवाक्याबाहेरचं काम आहे. कोर्टाला पाणी भरता येईना, शिपाई घागर घेऊन उभा. मावशी तरातरा माझ्याकडे आली.

"काय केलंसा हे? तिला वास लागतो मान्साचा! तुमच्या साबनाचा नवरा वळखंल का ती?"

नवरा तसाच उभा होता, माझ्या शर्टात. त्याने म्हशीकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली. पाच वर्षं वाढवलेलं जनावर आपल्याला बघून मागे सरलं, हे दुःख माझ्या तेलाच्या बाटलीतून आलं होतं. त्या दिवशी परतीच्या लोकलमध्ये मी थेट लोणावळ्यापर्यंत उभा राहिलो. जागा होती, बसवेना.

आता खटला आमच्या अंगावर उलटला होता. मी आबांना म्हणालो, "फिर्यादीची उलटतपासणी तुम्हीच घ्या. मी कागद धरतो."

पण मावशी ऐकेना. "न्हाई. ज्यानं घान केली त्यानंच धुवायची."

"बरोबर आहे बाईंचं," आबा म्हणाले. "तूच घे. फक्त एक कर. प्रश्न विचारलास की साहेबांचं पेन थांबेपर्यंत तोंड मिटायचं."

हे पेन म्हणजे खऱ्या कोर्टाचं खरं रहस्य. नाटकात प्रश्नावर उत्तर, उत्तरावर प्रश्न असे फटाके वाजतात. आमच्याकडे साक्षीचा शब्दन्‌शब्द साहेब स्वतःच्या हाताने लिहायचे, गोल, ठळक अक्षरात. एक प्रश्न, एक उत्तर, मग नुसतं कागदावर निबाचं कुरकुरणं. तेवढ्यात बाहेर एखादी मालगाडी पूर्ण निघून जायची. मला त्या शांततेचा भयंकर राग यायचा. माझ्या मते सगळं नाट्य तिथेच मरत होतं.

तारीख उजाडली. फिर्यादी पिंजऱ्यात चढला. धिप्पाड माणूस, कडक धोतर, सोन्याचं बटण. त्याच्या गावचे पाच-सहा शेतकरी दाराशी उभे होते. त्यांतल्या बहुतेकांच्या गोठ्यात ह्याचंच एकेक जनावर अर्धलीनं बांधलेलं. मी उठलो. उठताना मागे काहीतरी ओढ लागली. आबांनी आपल्या छत्रीची मूठ माझ्या कोटाच्या खिशात अडकवली होती आणि टोक पायाखाली दाबलं होतं. फिरणं शक्यच नव्हतं.

"तुमच्या गावात जनावर अर्धलीनं द्यायची रीत आहे?" मी विचारलं.

"हाय की."

पेन कुरकुरलं. मी तोंड मिटलं.

"तुम्ही स्वतः कोणाला दिलीत?"

"लय जनांला दिली."

पेन. शांतता. फिर्यादीने जरा चुळबुळ केली. एवढ्या लोकांसमोर कोणी काही बोलत नाही आणि आपण मधोमध उभे, हे त्याला सोसेना.

"कुनाला बी इचारा," तो आपणहून म्हणाला. "आमच्या घरचा शबूद हाय त्यो."

साहेबांनी तेही लिहिलं.

"अर्धलीत पहिलं वेत कोणाचं?"

"पाळनाऱ्याचं. ही काय इचारायची गोष्ट झाली?"

पेन. आता माझ्या जिभेवर तो प्रश्न आला, टाळ्या घेणारा, 'मग ही म्हैस चोरीची कशी?' माझी मूठ वळली, छाती भरली, तोंड उघडलं. छत्रीला असा हिसका बसला की मी पुन्हा टेबलावर टेकलो. प्रश्न घशातच राहिला. विचारला असता तर तो सावध झाला असता, हे मला कळलं ते नंतर.

पेन थांबलं. तरी मी गप्प. खरं सांगायचं तर गिळलेल्या प्रश्नामुळे दुसरा प्रश्नच आठवेना. साहेबांनी वर बघितलं नाही. ते आपले निबाचं टोक टिपत बसले.

फिर्यादीने दाराकडे बघितलं. त्याच्या गावचे लोक त्याच्याकडेच बघत होते. रागाने नाही. नुसतं बघत होते, ज्यांच्या गोठ्यातली जनावरं उद्या व्यायची होती ते.

"आसं बगू नगा रे," तो त्यांना म्हणाला. आवाज एकदम चढला. "कुनाचं बुडवलंय म्या? ह्याचं पयलं वेत म्या कुटं न्हाई म्हनलो? त्याला म्हनलं, म्हस खाली आन, माज्या दावनीला व्येऊ दे, मंग बगू. त्यो हट्टाला पेटला म्हून केस केली!"

पोलीस वकील अर्धवट उठले आणि तसेच खाली बसले. साहेबांनी पहिल्यांदाच पेन हातात घेण्याआधी मान वर केली.

"'ह्याचं पहिलं वेत', असं म्हणालात?"

फिर्यादी थबकला. आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं, ते सगळ्यांना दिसलं. नाकारता आलं असतं. चुकून बोललो म्हणता आलं असतं. त्याने पुन्हा एकदा दाराकडे बघितलं, मग मावशीच्या नवऱ्याकडे. तो आज स्वतःच्या घोंगडीत होता.

"व्हय," फिर्यादी म्हणाला. "म्हनलो. अर्धलीनंच दिलती."

साहेबांनी लिहून घेतलं, सगळी साक्ष वाचून दाखवली, आणि त्याने खाली सही केली. मोठी, दाबून सही. त्याला लोभ झाला होता, पण गावासमोर रीत खोटी ठरवायला तो तयार नव्हता. मी आजवर इतका मोठा साक्षीदार बघितला नाही, आणि माझं कर्तृत्व एवढंच की मी त्याच्या आड आलो नाही.

पुढच्याच तारखेला निकाल. आरोपी निर्दोष, म्हैस आरोपीच्या ताब्यात. मावशी दारातून ओरडली, "आरं, सुटला!" शिपायाने तिला गप्प केलं नाही, तो स्वतः हसत होता. आबांनी मला बाररूममध्ये सगळ्यांसमोर चहा पाजला, आणि तोही स्पेशल. माझ्या ओसाड कारकिर्दीतला तो पहिला स्पेशल चहा.

त्याच दुपारी म्हैस आणायला निम्मी वाडी निघाली. मी काळ्या कोटात, कातडी बुटांत, पुढारी असल्यासारखा पुढे. फिर्यादीने स्वतः दावं सोडून दिलं. "नीट न्या," म्हणाला, "आजउद्याचीच हाय." मावशीचा नवरा जवळ गेला. म्हशीने हुंगलं, आणि घोंगडीला डोकं असं घासलं की तो कोलमडून माझ्या अंगावर आला. सगळे हसले. तोही हसला. सगळ्या खटल्यात जो माणूस 'न्हाई साहेब'च्या पुढे गेला नव्हता, तो आता म्हशीशी बोलायला लागला तो थांबेचना. साबण कसा होता, तेल कसं डोळ्यांत गेलं, वकिलाचा शर्ट काखेत कसा काचत होता, सगळं तिला सांगत डोंगर चढत होता. मी मागून सगळी तक्रार ऐकत होतो.

वाळलेल्या गवतावरून माझे बूट घसरत होते. दोनदा मी चारी पायांवर आलो. "वकीलसाहेब," पागोटेवाला बाबा म्हणाला, "म्हशीचं शेपूट धरा, ती चढवील." धरलं. लाज कसली? जिंकलेला माणूस काहीही धरतो.

निम्म्या चढावर, कारवीच्या जाळीपाशी, म्हैस थांबली. पुढे जाईना. मावशीने तिच्या पोटावर हात ठेवला आणि एकदम हुकूम सोडायला लागली. "पानी आना! बापयांनो, मागं सरा! तुमी न्हाई साहेब, तुमी धरा हितं!"

मी कुठे धरलं आणि काय धरलं ते विचारू नका. एवढं सांगतो, दंडविधानात ते कुठेही नाही. थोड्याच वेळात काहीतरी ओलं, काळं, गरम गवतावर उतरलं. पुसायला फडकं मिळेना. मी कोट काढून दिला. दिला म्हणजे मावशीने ओढूनच घेतला. तिने त्याने ते पिल्लू खसाखसा पुसलं, उलटंपालटं करून बघितलं आणि डोंगर दणाणेल असा आवाज दिला.

"पारडी हाय! पारडी!"

वरून वाडीतून पोरं धावत सुटली. मावशीच्या नवऱ्याने माझ्या कोटात गुंडाळलेली पारडी उचलली, खांद्यावर घेतली आणि चढणीला लागला. पाठोपाठ म्हैस, मग हसत-गात अख्खी वाडी, आणि सगळ्यांत शेवटी थंडीने कुडकुडत, नुसत्या सदऱ्यात, गळ्याला पांढरे बँड लटकवलेला, तालुक्यातला सगळ्यांत विजयी वकील.